वखार, कौल आणि पट्टा : नंदुरबार प्रांतांतील परकीयांचा भूमिसंबंध

(१)

जुनीं दप्तरें चाळतांना कौल, कबुलायत, भाडेपत्र, इजारा, पट्टा, गहाणखत अशा नांवांचे कागद वारंवार हातीं येतात. त्यांतील एक पक्ष टोपीकर किंवा दुसरा कोणी परमुलखांतील असला म्हणजे संग्राहकाचें कुतूहल वाढतें, आणि बहुधा तो कागद 'परकीयांस जमीन दिल्याचा' म्हणून यादींत नोंदला जातो. ह्या नोंदीवर पुढें इतिहास रचला जातो. परंतु 'जमीन दिली' ह्या दोन शब्दांत निदान चार निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. राहावयास जागा देणें ही एक, व्यापाराची मोकळीक देणें ही दुसरी, ठराविक मुदतीपर्यंत उत्पन्न घेऊं देणें ही तिसरी आणि भूमीचें स्वामित्वच देणें ही चौथी. ह्या चारींचा घोटाळा झाला म्हणजे भाडेकरू मालक ठरतो आणि मालक उपरी ठरतो.

प्रस्तुत लेखांत ह्या भेदाचा विचार आम्हीं नंदुरबार प्रांताच्या आधारें केला आहे. हा प्रांत सुरत-बऱ्हाणपूर ह्या राजमार्गावरचा असल्यामुळें परकीय येथून शतकानुशतकें ये-जा करीत आले; आणि ह्याच्याच दक्षिण सीमेवर, डांगांत, परकीयांनीं घेतलेला एक पट्टा काय काय करूं शकतो हें स्पष्ट दिसून आलें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, अशा कागदाचें नांव पाहून निर्णय करूं नये. त्याची मुदत किती व तो मोडण्याचा अधिकार कोणाचा, ह्या दोन गोष्टी पाहाव्या. परकीयांच्या हातीं भूमि गेली कीं न गेली, ह्याचें उत्तर त्या दोन ओळींत असतें.

(२)

आमच्या धर्मशास्त्रकारांस हा प्रश्न नवा नव्हता. स्वत्व आणि भोग हे दोन पदार्थ त्यांनीं प्रथमपासून वेगळे मानले. आगम म्हणजे वस्तु कोणत्या मार्गानें आली तें मूळ, आणि भुक्ति म्हणजे प्रत्यक्ष उपभोग. केवळ उपभोगानें स्वत्व उत्पन्न होत नाहीं, आगम हवा, हा सामान्य नियम. तथापि याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवली आहे. मालक डोळ्यांनीं पाहत असतां व तोंडानें कांहीं बोलत नसतां दुसऱ्यानें वीस वर्षें भूमि भोगली, तर मालकाची हानि होते. जंगम धनाच्या बाबतींत हीच मुदत दहा वर्षांची. ही हानि भूमीची कीं तिच्या फळाची, ह्यावर टीकाकारांचा मोठा वाद आहे. विज्ञानेश्वराचा कौल फळहानीकडे आहे. गहाण, ठेव, सीमा इत्यादि कांहीं प्रकार तर ह्या नियमांतून वगळलेलेच आहेत, कारण तेथें दुसऱ्याचा ताबा मालकाच्या संमतीनें असतो व त्या ताब्याच्या पोटीं 'परत देईन' हें वचन असतें.

ह्या विवेचनांतला आमच्या उपयोगाचा भाग एवढाच कीं, मुदतीचा ताबा दिला म्हणजे स्वामित्व गेलें असें होत नाहीं, पण मुदतीवर कोणी नजरच ठेवली नाहीं तर तें जाण्याचा मार्ग मोकळा होतो. गांवगाड्यांतील मिरासदार व उपरी हा भेदही ह्याच तत्त्वावर उभा आहे. मिरासदार वंशपरंपरेचा, उपरी आज कसतो व उद्यां उठूं शकतो. त्याच्या कौलांत सालें लिहिलेलीं असतात. परका माणूस शिरावयाचा तो उपऱ्याच्या दारानें, आणि तेंच योग्यही होतें.

(३)

नंदुरबार हें प्राचीन नगर. इब्न बतूता १३४२ च्या सुमारास येथून गेला. तेथील वस्ती मराठ्यांची, कारागिरींत व वैद्यकींत निपुण अशी असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. पुढें तापीकाठचा हा मार्ग मोगली अमलांत फार वाहता झाला. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच १६१० मध्यें येथें आला, तेव्हां नगराच्या अलीकडे त्याला थडगीं व विलासगृहें, आणि नगरांत किल्ला व सुंदर तलाव दिसला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये ह्यानें नवापुरच्या तांदळाची, त्याच्या बारीक दाण्याची व कस्तुरीसारख्या वासाची वाखाणणी केली आहे. हे सर्व वाटसरू. त्यांनीं येथें पाहिलें, खाल्लें, विकत घेतलें व ते पुढें गेले. भूमीशीं त्यांचा संबंध मुक्कामापुरता होता.

ह्याच वाटेनें नोव्हेंबर १६१५ मध्यें इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो बऱ्हाणपुरास गेला. तेथें शाहजादा परवेझ ह्याची भेट घेऊन त्यानें बऱ्हाणपुरांत वखार घालण्याची परवानगी मिळविली. सुरतेंत इंग्रजांस ती १६१३ च्या फर्मानानें मिळालेली होतीच. आतां वखार ह्या शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. वखार म्हणजे माल सांठविण्याची व व्यापाऱ्यांच्या राहण्याची जागा. तिच्यामागें बादशहाचें फर्मान, शाहजाद्याचें निशाण किंवा सुभेदाराचा परवाना असे, पण त्या कागदानें मिळे ती व्यापाराची व राहण्याची मोकळीक. भूमि दिल्याचा तो कागद नव्हे.

ह्याचा निर्णायक पुरावा १६१८ मधील वाटाघाटींत आहे. गुजरातचा सुभा शाहजादा खुर्रम, पुढील शहाजहान, ह्याजकडे होता. रोनें मागितलेल्या सवलतींपैकीं व्यापाराच्या बऱ्याच मान्य झाल्या. पण सुरतेंत घर विकत घेणें किंवा स्वतः बांधणें ही गोष्ट मोगल अंमलदारांनीं मान्य केली नाहीं. घर भाड्यानें घ्यावें, एवढेंच. शहरांत शस्त्र धारण करून फिरणाऱ्या इंग्रजांच्या संख्येवरही त्याच वेळीं मर्यादा घालण्यांत आली. हीं दोन कलमें एकत्र आलीं हा योगायोग नव्हे. पक्क्या भिंतीचें घर आणि हत्यारबंद माणसें एका ठिकाणीं जमलीं म्हणजे त्या घराचा कोट होण्यास विलंब लागत नाहीं, हें मोगली मुत्सद्द्यांनीं ओळखलें होतें. भाडेकरूस मालक उठवूं शकतो. कोटवाल्यास उठवावयास फौज लागते.

(४)

मराठेशाहीनेंही हाच विवेक राखला. जून १६७४ मध्यें राज्याभिषेकाच्या वेळीं हेन्री ऑक्झेंडन रायगडास आला व इंग्रजांचा शिवछत्रपतींशीं तह झाला. त्यांत राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथें वखारी घालण्याची मोकळीक आहे. त्याच वर्षीं खानदेशांत धरणगांव येथें इंग्रजांची वखार होती. तो मुलूख मोगलांचा. १६७५ मध्यें व पुनः १६७९ मध्यें मराठ्यांच्या फौजांनीं धरणगांव लुटलें. एका धन्याच्या परवानगीनें घेतलेली जागा दुसऱ्या धन्यास बांधून घेत नाहीं, हें वखारवाल्यांस तेथें कळून आलें असलें पाहिजे. ज्याच्यापाशीं भूमीचें मूळ नाहीं, केवळ परवानगी आहे, त्याची स्थिति परवानगी देणाऱ्याच्या सामर्थ्यावर अवलंबून राहते.

ह्या विषयाचा सर्वांत खोल विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आहे. हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. पंतांचा आशय असा : टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्या प्रत्येकाच्या पाठीशीं एकेक राजा आहे, आणि व्यापाराच्या निमित्तानें येऊन जागा धरावी हा त्यांचा हेतु आहे. एकदां धरलेली जागा ते प्राण गेला तरी सोडीत नाहींत. म्हणून त्यांचा व्यवहार येण्याजाण्यापुरता असावा. जागा देणेंच प्राप्त झालें तर समुद्रतीरीं किंवा खाडीच्या मुखाशीं देऊं नये, कारण तेथें त्यांच्या आरमाराचें व तोफांचें बळ त्यांस मिळतें. चार आठ कोस आंत, मोठ्या गांवाच्या आश्रयानें, सखल ठिकाणीं द्यावी, आणि पक्की इमारत बांधूं देऊं नये. असे राहिले तर उत्तम, न राहिले तर त्यांचें प्रयोजन नाहीं.

ह्या विवेचनांत 'विकत देणें' हा विचारच नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. विकत देऊं नये हें पंतांनीं गृहीत धरलें. त्यांची सारी चिंता दिलेली जागा परत घेतां येईल कीं नाहीं ह्याविषयीं आहे. सखल ठिकाण, कच्ची इमारत, समुद्रापासून अंतर हीं सर्व परत घेण्याच्या सोयीचीं साधनें होत. आजचा कायदेपंडित ज्यास करार मोडण्याचा अधिकार म्हणतो, तो पंतांनीं दगडमातींत उतरवून दाखविला.

(५)

ह्याच्या उलट उदाहरण मुंबईचें. १६६१ च्या विवाहतहानें तें बेट पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजास मिळालें व १६६८ च्या सनदेनें त्यानें तें सालिना दहा पौंडांच्या खंडावर कंपनीस दिलें. खंडाची रक्कम पाहून कोणी ह्यास पट्टा म्हणेल. पण येथें राज्यच दिलें गेलें होतें. सुरतेंतील भाड्याचें घर आणि मुंबईचें दहा पौंडांचें बेट हीं एकाच कंपनीचीं, एकाच काळचीं. दोहोंसही पैसे पडत होते. पण एकींतून तिला उठवितां येत होतें व दुसरींतून येत नव्हतें.

कंपनी स्वतः धनी झाल्यावर तिनें काय केलें तेंही मनोरंजक आहे. १७९३ च्या बंगालच्या नियमांत युरोपियन माणसानें परवानगीवांचून कलकत्त्याच्या हद्दीबाहेर जमीन खरेदी करूं नये, खंडानें घेऊं नये, ताब्यांत ठेवूं नये, असा निर्बंध होता. म्हणजे रामचंद्रपंतांनीं टोपीकरांस जो नियम सांगितला, तोच टोपीकरांच्या कंपनीनें आपल्या देशबांधवांस लावला. हा प्रतिबंध १८३३ च्या सनदी कायद्यानें उठला, व इंग्लंडच्या राजाच्या स्वाभाविक प्रजाजनांस हिंदुस्थानांत जमीन संपादण्याची व धारण करण्याची मुभा मिळाली. त्या सालापूर्वीच्या व नंतरच्या कागदांचा अर्थ एकाच मापानें लावूं नये.

(६)

आतां नंदुरबारच्या दक्षिण शिवेवरच्या प्रकरणाकडे वळूं. १८१८ त खानदेश इंग्रजांकडे आला. १८२५ मध्यें जेम्स ऑट्रम ह्यानें धरणगांव येथें भिल्ल पलटण उभारली. जेथें दीडशें वर्षांपूर्वीं इंग्रज परवानगीचे व्यापारी होते, तेथेंच आतां ते फौज उभारीत होते. १८३० मध्यें ऑट्रमनें डांगांवर मोहीम केली. नवापुरच्या दक्षिणेस पसरलेला हा सागवानाचा प्रदेश भिल्ल राजांच्या ताब्यांत होता. दहेर-आमला, लिंगा, गाढवी, पिंपरी व वासुर्णा हीं त्यांतील प्रमुख संस्थानें. मुंबईच्या गोदींत जहाजें बांधण्यास सागवान हवें होतें. सरकारची दृष्टि त्या लांकडावर होती.

मोहिमेनंतर प्रदेश खालसा करणें इंग्रजांस अवघड नव्हतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. १८४२ मध्यें त्यांनीं ह्या राजांकडून जंगल पट्ट्यानें घेतलें. सालिना ठराविक रक्कम राजांस द्यावी आणि सरकारनें लांकूड तोडून न्यावें, असा तो व्यवहार. कागदावर राजे मालक आणि सरकार पट्टेदार. सरकार परकें होतें, पण कागदोपत्रीं तें उपऱ्याच्याच जागीं बसलें होतें! १८६२ मध्यें पट्टा नव्यानें झाला. डांगांचा कारभार खानदेशच्या कलेक्टराकडे राजकीय एजंट ह्या नात्यानें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत होता, म्हणून ह्या विषयाचे कागद शोधणारानें धुळ्याची बाजू विसरूं नये.

पुढें काय झालें? पट्टा लांकडाचा होता. पण लांकूड राखावयाचें तर वणवा थांबविला पाहिजे. वणवा थांबवावयाचा तर राब जाळून शेती करण्यास आळा घातला पाहिजे. आळा घालावयाचा तर रक्षक ठेविले पाहिजेत, आणि रक्षक ठेविले कीं त्यांच्या हुकुमास दंडाचें बळ दिलें पाहिजे. ह्या पायऱ्यांनीं पट्टेदार वर चढत गेला. १८८९ मध्यें जंगलाचा मोठा भाग राखीव ठरला व पुढें राखीव क्षेत्र वाढत गेलें. ज्यांनीं पट्टा दिला त्यांच्याच प्रजेस त्या रानांत कुऱ्हाड चालविण्यास पट्टेदाराची परवानगी लागूं लागली. विक्रीचा एकही कागद न होतां भूमीचें सत्त्व मालकाच्या हातून निघून गेलें, आणि मालकी राहिली ती सालिन्याच्या रकमेपुरती.

ह्यांत कसूर कोणती, असें कोणी विचारील तर आमचें उत्तर असें : दोन पक्षांपैकीं एकाजवळ पट्टा अमलांत आणण्याचें बळ होतें व दुसऱ्याजवळ तो मोडण्याचें नव्हतें. ज्या करारास देणारा मोडूं शकत नाहीं, त्यांत मुदतीचा आंकडा कांहींही लिहिला तरी तो शोभेपुरता. १९४७ नंतर पट्टेदारच गेला. डांग मुंबई इलाख्यांत व १९६० पासून गुजरातेंत समाविष्ट झाला. तथापि आहवा येथें दरवर्षीं होळीच्या सुमारास दरबार भरून राजांच्या वंशजांस सालिना देण्याची चाल अद्याप आहे. तो दरबार म्हणजे १८४२ च्या पट्ट्याची जिवंत खूणच होय.

(७)

इतका इतिहास मनांत ठेवून आजचे कायदे वाचले म्हणजे त्यांतील मुदतींचा अर्थ उलगडतो. १९७३ च्या परकीय चलन नियमनाच्या कायद्यांत एकतिसाव्या कलमानें परदेशी नागरिकास रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवांचून येथील स्थावर घेणें किंवा देणें मना केलें होतें. अपवाद होता तो पांच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याचा. त्या कलमाविरुद्ध केलेलें हस्तांतर निरर्थक होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२१ मध्यें दिला; म्हणजे कायदा रद्द झाल्यावरही त्या काळच्या कागदांवर त्याची छाया आहेच. १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा १ जून २००० पासून लागू झाला व त्याखालील सविस्तर नियम २०१९ मध्यें नव्यानें झाले. त्यांचें सार असें : परदेशांत राहणाऱ्या व हिंदी वंशाच्या नसलेल्या परकीयास येथें स्थावर विकत घेतां येत नाहीं, पण पांच वर्षांहून अधिक नाहीं अशा भाडेपट्ट्यानें घेतां येतें. हिंदी वंशाच्या अनिवासी मंडळींस घर किंवा दुकान घेतां येतें, मात्र शेतजमीन, मळा व शेतघर विकत घेतां येत नाहीं. वारसानें मिळालें तर ठेवतां येतें. शिवाय १९४८ च्या कूळकायद्याच्या त्रेसष्टाव्या कलमानें शेतकरी नसलेल्यास, मग तो स्वदेशी कां असेना, परवानगीवांचून शेतजमीन घेण्याची मनाई आहे.

पण नंदुरबार जिल्ह्यांत परका ह्या शब्दाची आणखी एक मर्यादा आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्यांतील बहुसंख्य प्रजा भिल्ल, पावरा, कोकणा, मावची इत्यादि आदिवासी आहे. सावकारी गहाणखतांतून त्यांच्या जमिनी कशा गेल्या हा मोठा विषय आहे. शहादें तालुक्यांत १९७१-७२ मध्यें अंबरसिंग सुरतवंती प्रभृतींनीं चालविलेल्या चळवळीचें मूळ त्यांतच होतें. १९७४ मध्यें महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत छत्तीस-अ हें कलम आलें. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विक्री, दान, अदलाबदल, गहाण अथवा पट्टा ह्यांपैकीं कोणत्याही रीतीनें परवानगीशिवाय जाऊं नये, असा त्याचा आशय. गहाण किंवा पट्टा पांच वर्षांपर्यंतचा असेल तर कलेक्टराची मंजुरी पुरते. बाकी सर्व बाबतींत कलेक्टरास सरकारची पूर्वसंमति लागते. त्याच सुमाराच्या दुसऱ्या कायद्यानें १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळांत गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद झाली.

परदेशस्थासही पांच वर्षें, आणि अक्राणीच्या पावऱ्याची जमीन पट्ट्यानें घेणाऱ्या स्वदेशी परक्यासही पांच वर्षें! दोन कायदे निरनिराळ्या हेतूंनीं झाले, पण दोहोंनीं आंकडा एकच योजिला. याज्ञवल्क्याच्या वीस वर्षांच्या फार अलीकडे ही रेघ ओढलेली आहे. ताबा जुना होण्यापूर्वींच मालकास व त्याच्या वतीनें सरकारास पुनः विचार करण्याची संधि मिळावी, हें तिचें प्रयोजन. डांगच्या राजांस अशी संधि कोणी दिली नव्हती.

(८)

शेवटीं संग्राहकांस विनंति. असा कागद हातीं आला म्हणजे त्यास पांच प्रश्न विचारावे. देणारा कोण : राजा, वतनदार कीं साधा घरमालक? दिलें काय : भूमि, घर, व्यापाराची मोकळीक कीं केवळ उत्पन्न? मुदत किती, व ती कोणत्या सालगणनेनें? शुहूर व फसली हीं दोन्ही सालें मृगापासून बदलतात. शुहुरांत ५९९ किंवा ६००, आणि दक्षिणी फसलींत ५९० किंवा ५९१ मिळविल्याशिवाय इसवी सन येत नाहीं, आणि येथें चूक झाली तर मुदत संपलेला कौल चालू ठरतो. चवथा प्रश्न, मोडण्याचा अधिकार कोणास? आणि पांचवा, मुदतीनंतर नवा कागद झाला कीं जुन्यावरच ताबा चालू राहिला?

मुदतीचा मजकूर बहुधा कागदाच्या उत्तरार्धांत असतो, आणि घडीवर झिजून किंवा कसरीनें खाऊन नेमका तोच भाग जातो. शिक्का शाबूत असलेला वरचा तुकडा जपून ठेवावा व खालचा विटका तुकडा रद्दींत टाकावा, ही चाल घातक आहे. इतिहासाच्या दृष्टीनें तो खालचा तुकडाच अधिक मोलाचा. धुळ्यास १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्यांस स्वतःच्या घरीं कागद नीट राखणें शक्य नाहीं त्यांनीं ते अशा संस्थेकडे सोंपवावे, निदान संपूर्ण नक्कल तरी करून द्यावी. ह्या प्रांतांत आजही कित्येक कुटुंबांचा शेताचा दावा आजोबांच्या वेळच्या गहाणखतांतल्या एका ओळीवर उभा असतो. ती ओळ वाचतां आली तर शेत परत येतें. न आली तर वर्षें मोजीत बसावें लागतें, आणि तीं वर्षें ताबेदाराच्या बाजूचीं असतात.